खटक्याखालचं कुंकू

लांजा,
१२ जुलै २०२५

ती. हरिश्चंद्रदादास,
भागोजीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. भाताच्या आवण्या उरकत आल्या. मालनचा गुडघा पावसाबरोबर पुन्हा बोलू लागलाय.

बातमी अशी, की माझं लायसन झालं. काजूच्या कारखान्यावर दोनदा चोर आले, दुसऱ्या खेपेस वॉचमनचं डोकं फुटलं, म्हणून अर्ज केला होता. तो मंजूर झाला. आता घ्यायचं कोणतं, ते तू सांग. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांत फरक काय, असं मालनने विचारलं तेव्हा मी तुझं नाव पुढे करून सुटलो. फोन केला असता, पण या विषयावर तू कागदाशिवाय बोलत नाहीस हे ठाऊक आहे. सानिका म्हणते, काकांच्या लाकडी पिस्तुलाला धाकटा भाऊ येतोय म्हणून कळवा. पोरीचं मनावर घेऊ नको.

सविस्तर लिही. वहिनींस नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
भागोजी

मिरजोळे,
२० जुलै २०२५

चि. भागोजीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. अभिनंदन.

माझा अर्ज दोनदा परत आला, हे तुला आठवत असेलच. दोन्ही वेळा शेरा एकच, गरज दिसून येत नाही. तीस वर्षं या विषयाची मिळतील ती पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली. दुरुस्तीच्या परवानेदाराकडे अकरा वर्षं शेतकऱ्यांच्या बंदुका सुट्या केल्या आणि जोडल्या. फणसाच्या लाकडाचं बत्तीस बोरचं पिस्तूल केलं, बावीस सुटे भाग, सगळे हलते. तरी गरज दिसली नाही. ज्याला फरक माहीत नाही त्याची दिसली. असो.

तू रिव्हॉल्व्हर घे. त्याला बहुधा चाप अडवून धरणारा अंगठ्याचा खटका नसतो, म्हणजे लावायला विसरण्याचा प्रश्न नाही. चापाची ओढ लांब आणि जड, तो चुकून ओढला जात नाही. चांगल्या बनावटीत आत एक पोलादी पट्टी असते. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती घोड्याचा ठोका पुढे पोचू देत नाही, त्यामुळे हातातून पडलं तरी उडत नाही. आणि चक्री बाहेर काढली की किती काडतुसं आहेत ते डोळ्यांना दिसतं.

पिस्तूल लबाड. खटका ही त्याची शेवटची कडी, पहिली नव्हे. पहिली कडी म्हणजे तोंड माणसापासून दूर आणि बोट चापाच्या बाहेर. खटक्याखाली कचरा बसला तर तो अर्ध्यात अडकतो आणि लागल्यासारखा दिसतो. पिस्तूल समजणाऱ्याने बाळगावं. तुला ते शोभणार नाही. स्पष्ट लिहिलं, राग मानू नको.

सौ. मालनने निगडीच्या पाल्याने गुडघा शेकावा. सर्वांस आशीर्वाद, आणि विचारपूस चालू ठेवावी.

हरिश्चंद्र

लांजा,
१४ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि ते शोभणार नाहीवालं वाक्य चारदा. मग पिस्तूलच घेतलं! मालनचा भाऊ निलेश म्हणाला, चक्रीवालं म्हाताऱ्यांनी घ्यावं. काळंभोर आहे, बत्तीस बोर, अंगठ्याचा खटका डाव्या बाजूला. हातात घेतलं की तळव्यात असं बसतं, की तू असतास तर खाली ठेवलं नसतंस.

आणि मी शिकलोय बरं का. परवा निलेशला सगळं करून दाखवलं. भरलेलं मॅगझिन घातलं, वरची स्लाइड मागे ओढून सोडली, खटका लावला. मग मॅगझिन काढून घेतलं, की झालं पिस्तूल रिकामं, ते कपाटात ठेवलं. आहे की नाही तुझ्या तोडीचा?

खंडेनवमीला इतकी वर्षं आपण कोयते आणि सोलणीची यंत्रं पुजत आलो. यंदा पाटावर पिस्तूल मांडणार. तू यायचंच, तुझ्याशिवाय पूजेला शोभा नाही. उत्तर नाही धाडलंस तरी चालेल, पण पाय लाव.

तुझा लाडका आणि हट्टी,
भागोजी

लांजा,
३ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पिस्तूल कपाटात कुलपात घालून लिहायला बसलो आहे.

परवा नवमीला तू प्रसाद घेऊन दीडच्या गाडीने गेलास. पावणेतीनच्या सुमारास चपलांसकट आत आलास. मी तेव्हा पिस्तूल पाटावरून उचलून, खटका लावला की चाप कसा दाबला जात नाही, ते पाहुण्यांना दाखवणार होतो. सानिका समोर उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. तू माझं मनगट धरून खाली दाबलंस, पिस्तूल काढून घेतलंस, अंगणात जाऊन शेताच्या चिखलाकडे त्याचं तोंड केलंस आणि स्लाइड ओढलीस. आतलं जिवंत काडतूस बाहेर उसळलं आणि रांगोळीत पडलं. मग नखाने खटक्याखालून कुंकवाचा लगदा आणि अक्षतेचा दाणा काढलास, ताटात ठेवलास, आणि तसाच परत गेलास.

निलेश म्हणाला, तुमचे दादा जळतात. मी त्याला घराबाहेर काढलं. सानिका अजून धड जेवत नाही. पूजा माझ्याच हातची, कुंकू मीच तेलात कालवून सढळ लावलं होतं, आणि पुसताना खाली केलेला खटका त्यावरच परत चढवला होता.

एक विचारतो. मालन म्हणते, तू निघण्याआधी पाटापाशी मान वाकडी करून बराच वेळ उभा होतास, तेव्हाच तुला दिसलं होतं. मी तिला म्हटलं, दादाला दिसलं असतं तर तो गेला नसता. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो. आमचा वाद तूच मिटव.

तुझा,
भागोजी

मिरजोळे,
९ ऑक्टोबर २०२५

चि. भागोजीस,
अनेक आशीर्वाद.

मालनचं बरोबर आहे.

दिसलं होतं. खटका ना वर ना खाली, मधे अडकलेला, वरून कुंकवाने माखलेला. शेजारी मॅगझिन, त्यावर झेंडूचं फूल. आणि नळीत काडतूस असणार हे तर मला पंधरा दिवस आधीच कळलं होतं. स्लाइड ओढली की एक काडतूस नळीत जातं, ते मॅगझिन काढल्याने बाहेर येत नाही. तुझ्या सप्टेंबरच्या पत्रात ती चूक तूच लिहिली होतीस. ते वाचून मी हसलो आणि पत्र फळीवर ठेवलं. वाटलं, नवमीला चार माणसांत तू मला विचारशील, तेव्हा सांगीन. तू विचारलं नाहीस. सगळे तुझ्याभोवती. मला कोणीतरी द्रोणातली खीर दिली.

गाडीत बसलो. लांजा ते पाली अडतीस मिनिटं लागली, घड्याळ पाहिलं होतं. त्यातली पहिली तीस मला चांगली गेली. मनात म्हणत होतो, दाखवायला उचलेलच, होऊ दे एकदा फजिती. मग वेरळच्या पुढे कधीतरी मनात आलं, की पिस्तुलाचं तोंड कोणाकडे असेल ते मी ठरवलेलंच नाही. फोन लावला, तू उचलला नाहीस. पालीला उतरलो आणि समोरून लांज्याकडे जाणाऱ्या टेम्पोला आडवा गेलो.

रिव्हॉल्व्हर तुला योग्यच होतं, तो सल्ला खोटा नव्हता. पण लिहिताना मनात तुझी काळजी नव्हती. ते सुंदर जनावर तुझ्या हाती नको, एवढंच होतं. तुला त्याचा वास आला, म्हणून खरी गोष्ट वाया गेली. निलेशला घरात घे. तो चुकीचं बोलला नाही.

सोबत खोका पाठवतो आहे. त्यात माझं फणसाचं पिस्तूल आहे. स्लाइड ओढून नळीत बघायची सवय आधी त्यावर कर, रोज वीस वेळा, मग खऱ्याला हात लाव. सानिकेला म्हणावं, थोरला भाऊ येतो आहे.

अजून एक, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. अंगणात तुझं पिस्तूल माझ्या हातात मिनिटभर होतं. पुस्तकातलं वजन पाहून मी लाकडात शिसं भरलं होतं, पण ते बरोबर आहे का हे कधी ताडून बघता आलं नाही. बरोबर होतं. रतीभरही फरक नाही.

लोभ उरला असेल तर ठेवावा.

हरिश्चंद्र