पार्वतम्मांच्या नावचे कलम

मी, केरबा लक्ष्मण पांचाळ, वय सदुसष्ट, धंदा जुने लाकडी सामान घेऊन ते दुरुस्त करणे, रंगवणे व विकणे, राहणार लातूर, आज पूर्ण शुद्धीत आपखुशीने हे मृत्युपत्र लिहून देतो. मला कोणी धाक घातलेला नाही व मी दारू पीत नाही. गेले आठ दिवस मी काम करताना शीळ घालतो म्हणून माझ्या मुलाला शंका आहे, पण डॉक्टरांनी डोके ठीक असल्याचे सांगितले. लिहिणार अर्जनवीस नरसिंग. मी सांगेन तसेच लिहायचे, सुधारायचे नाही, हे त्यांनी कबूल केले आहे.

कलम १. राहते घर मुलगा रामकिशन यास. तो कचेरीत कारकून आहे आणि बापाचा धंदा सांगताना लाजतो. त्याने ऐकून ठेवावे. चार वर्षांपूर्वी लातूर जिल्हा झाला, तेव्हा एका कचेरीने मोडकी टेबले लिलावात काढली. ती मीच घेतली. काचेच्या तुकड्याने जुना रंग खरडला, पाय ठोकून बसवले, पॉलिश केले आणि त्याच कचेरीला विकली. साहेब हात फिरवून म्हणाले, "आता कसं टेबल वाटतं. जुनं फार डुगडुगायचं." मी मान हलवून "हाव" म्हणालो. रामकिशन रोज ज्या टेबलावर डबा उघडतो, ते त्यांतलेच आहे.

कलम २. रंधे, पटाशा, करवती नायगावला दिलेली मुलगी पंचफुला हिला. जावई भला माणूस आहे, पण त्याने खिळा ठोकायला घेतला तर तिने त्याच्या हातातून हातोडी काढून घ्यावी.

कलम ३. समोरचे दुकानदार किशनराव यांना काहीही नाही. दहा वर्षांपूर्वी मी एक शिसवी कपाट अकरा दिवस घासून त्याला लाखेचे सात हात दिले आणि दुकानाची किल्ली यांच्याकडे ठेवून माहूरला देवीला गेलो. परत येऊन पाहतो तर कपाट हिरवेगार. यांनी मदत म्हणून ऑइलपेंट मारला होता. वर म्हणाले, "अर्धंच ऱ्हायलं हुतं की, केरबा. त्याला रंगच न्हवता." तेव्हापासून आम्ही एकाच बाकावर बसून चहा पितो, पण बोलत नाही. ते कपाट पंचफुलाने यांच्या डोळ्यांदेखत खरडावे. यांना काही मिळत नाही हे यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावे, म्हणून साक्षीदार म्हणून बोलावले आहे.

कलम ४. माझे स्वकष्टार्जित दुकान व मागची खोली पार्वतम्मा यांना. या मूळच्या उदगीरच्या, विधवा, वय साठ. माझ्या खुर्च्यांना वेत विणतात. वेत भिजवल्याशिवाय वळत नाही आणि यंदाच्या दुष्काळात टँकर चार दिवसांनी येतो. मार्चात त्या वेताची मोळी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी न्हाई तर वेत तुटतंय, मिस्त्री. मी चालले गावाला." मी माझ्या अंघोळीचे पाणी त्यांना दिले. तेव्हापासून ओल्या फडक्यावर भागवून राहिलो आहे. रामकिशन लांब बसून जेवतो. बावीस खुर्च्या झाल्या.

त्या विणताना कानडीत गातात. एकदा त्यांच्याकडे बघत मी ओल्या पॉलिशवर बसलो आणि धोतर खुर्चीला चिकटले. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. खरे सांगायचे तर मला पुन्हा बसावेसे वाटले.

रामकिशन म्हणतो, "अण्णा, तुमच्यामागं त्या बाईला एक दिवस ठेवणार न्हाई." म्हणून दुकान कागदावर त्यांचे करतो. माझी विनंती अशी की, त्यांनी मी मरायची वाट न पाहता माझ्याशी रजिस्टर लग्न करावे. तोंडाने विचारायला गेलो की जीभ टाळूला चिकटते. मृत्युपत्र साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचतात असे कळले, म्हणून त्यांना दुसऱ्या साक्षीदार म्हणून बोलावले. त्यांनी नाही म्हटले तरी दुकान त्यांचेच. यात बळजबरी नाही.

ठिकाण: लातूर. दिनांक ९ मे १९८६.
लिहून देणार: केरबा लक्ष्मण पांचाळ
साक्षीदार १: किशनराव
साक्षीदार २: पार्वतम्मा (खोडले)

खाडाखोडीची नोंद: माझ्या घाईमुळे सह्या आधी झाल्या व वाचन मागून. वाचून झाल्यावर नरसिंग म्हणाले, "ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत न्हाई. हे मला आधीच सांगायला पायजे हुतं. आता एक तर बाईंची सही खोडा, न्हाईतर चौथं कलम."

पार्वतम्मांनी कागद पुढे ओढून आपली सही पाहिली. मी छताचे वासे मोजत होतो. मग त्या म्हणाल्या, "सही खोडा."

"कलम पुरं ठेवू?" नरसिंगांनी विचारले. "लग्नाचं बी?"

"एकदा सांगितलं की. सही खोडा."

मला अतोनात आनंद झाला आहे, हेही लिहावे. पार्वतम्मांच्या जागी साक्षीदार म्हणून अर्जनवीस नरसिंग यांनी सही केली आहे. खोडलेले शब्द एक, कलमे शून्य.

खाडाखोड मान्य: केरबा
खाडाखोड मान्य: पार्वतम्मा