पुढचा डावा, मागचा उजवा

पिएलावेसी, ९ जानेवारी

ती. आउनेताईस,
सा. न. वि. वि.

तुला ऐकू येत नाही म्हणून फोन नाही, आणि मला बोलायची लाज वाटते म्हणून पत्र. दोन्ही अडचणी एका पाकिटात भागल्या.

सिर्का जाऊन पाच आठवडे झाले. मी जेवतो, शनिवारी सॉना तापवतो, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. माझी काळजी नको, गाडीची कर. रविवारी उणे चोवीस होतं. अंगणातल्या खांबाला जोडलेली, इंजिन गरम ठेवायची वायर न काढताच मी निघालो. वायर तुटली नाही. खांबावरचं झाकण उचकटून, त्यासकट माझ्यामागे फरफटत आली. रस्त्यात सगळं गाव हात हलवत होतं. मला वाटलं, बिचारे माझं सांत्वन करताहेत. मीही प्रत्येकाला गंभीरपणे मान लववत चर्चपर्यंत गेलो.

त्याच आठवड्यात काच धुवायचं पाणी गोठलं, दारं चौकटीला चिकटली, आणि समोर एक पिवळा दिवा लागला. सध्या मी त्याला रोज नुसता नमस्कार करतो. तीस वर्षं मी चारचौघांत सांगत आलो की आमच्या गाड्या फार गुणी, कधी कुरकुर नाही. आता हिच्या अंगात काय शिरलंय कळत नाही.

मार्केत्ता हेलसिंकीहून म्हणते की बाबा, विकून टाका. शेजारचा रेइयो घ्यायला तयारच आहे. पण तुमच्याकडची बस बंद झाली आणि खुब्याच्या ऑपरेशनमुळे तुला प्रवासाची बंदी. गाडी गेली तर चोवीस मेला तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी येणार कसा? आणि त्यानंतर तरी आपण भेटणार कसे? म्हणून निश्चय केलाय, या वर्षी दर महिन्याला गाडीची एक सवय लावून घ्यायची. तू जन्मभर टपालाची गाडी चालवलीस. कुठून सुरू करू ते सांग.

लोभ आहेच, बहात्तराव्या वर्षी अक्कल यावी एवढा आशीर्वादही असावा.

तुझा,
एन्सिओ


सोत्कामो, १८ जानेवारी

चि. एन्सिओस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मिरवणूक वाचून इतकी हसले की टाके दुखले.

अरे वेड्या, गाडी कसली गुणी! बायको गुणी होती. तू शनिवारी गाण्याच्या तालमीला गेलास की ती ओव्हरऑल चढवायची. तेल बघायची, हवा बघायची, पाणी भरायची, आणि तू यायच्या आत हात घासून दालचिनीचे पाव ओव्हनमधून काढायची. मी एकदा म्हटलं, त्याला सांग तरी. तर म्हणाली, नको वन्सं, लोकांत गाडीचं कौतुक करताना ते फार खूश दिसतात. मला आता हे तुला सांगताना वाईट वाटतंय, पण ज्याला कामं करायची आहेत त्याला कळायला हवं.

तर ऐक. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, म्हणजे वायरही दिसेल. तेल महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन गार असताना. थंडीत हवा उतरते, तीही दरमहा बघायची. दारांच्या रबराला सिलिकॉन खरं तर थंडीआधी लावतात. तू उशिरा का होईना, लाव. पिवळ्या दिव्याला नमस्कार पुरे झाले, गॅरेजमध्ये ने. आणि एप्रिलमध्ये बर्फासाठीचे खिळ्यांचे टायर काढून उन्हाळी चढव. विकायचं पुन्हा नाव काढलंस तर बहीण आहे हे विसर.

तुझी,
आउनेताई


पिएलावेसी, २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस ओव्हरऑलकडे बघवलं नाही. तिसऱ्या दिवशी घातलं. पोटावर बसत नाही, पण बाह्या पुरतात.

प्रगती सांगतो. तेल बघता येतं. पहिल्यांदा पट्टी न पुसताच पाहिली आणि सगळं उत्तम आहे असं स्वतःला प्रमाणपत्र दिलं. रेइयो कुंपणापलीकडून खाकरला. पिवळा दिवा हवेचा निघाला, म्हणजे अडीच महिने मी एका बसलेल्या टायरला नमस्कार करत होतो. गाडीतून एक सुरेख उंच सूर येत होता. गावात माझ्या कानाची ख्याती आहे, त्यामुळे पंधरा दिवस मी त्याच सुरात स्तोत्र गुणगुणलो. गॅरेजवाला म्हणाला, इंजिनचा पट्टा जायला आला होता. वार्षिक तपासणीत मात्र गाडी पास झाली. मला परीक्षेला बसवलं नाही, हे नशीब.

आता टायर राहिले. एप्रिलमध्ये नक्की.

लोभ वाढावा, खुबाही लवकर बरा व्हावा.

एन्सिओ


सोत्कामो, ४ मे

चि. एन्सिओस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या एप्रिलमधल्या दोन पत्रांत हवामान आहे, पक्षी आहेत, रेइयोचा कुत्रा आहे. टायरचा शब्द नाही. मार्केत्ता लिहिते की गाडी तीन आठवडे अंगणातच उभी आहे. मे उजाडला, खिळ्यांवर आता कायद्यानेही येता येणार नाही. यायचं नसेल तर तसं सरळ लिही. मी रागवेन, पण वाट तरी बघणार नाही.

आउनेताई


पिएलावेसी, ८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यायचं आहे ग. नीट सांगतो, हसू नकोस. किंवा हस.

उन्हाळी टायर बाहेर काढायला मी शेडमध्ये तीनदा गेलो. चारही टायरवर, जिथे ते रस्त्याला टेकतात तिथेच, सिर्काच्या हातचा खडू आहे. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. इतकी वर्षं लिहीत असेल, मी कधी पाहिलंच नव्हतं. टायर चढवले की पहिल्या वळणापर्यंत सगळं पुसून जाईल. तिच्या हातच्या वाणसामानाच्या याद्या मी केव्हाच फेकून दिल्या, तेव्हा सुचलं नाही. आता एवढंच उरलंय.

रेइयोला कंबरदुखी सांगितली. परवा तर त्याला विचारलं की टायर सोडून नुसती गाडी घेशील का. तो घरी येऊन कॉफी पी म्हणाला.

मला माफ कर. काय करू कळत नाही.

तुझा,
एन्सिओ


सोत्कामो, १२ मे

चि. एन्सिओस,
अनेक आशीर्वाद.

हसले नाही.

ऑक्टोबरमध्ये मी तुमच्याकडे होते, आठवतं? सिर्कात ताकद नव्हती, टायर रेइयोने बदलले. पण खडू तिने कुणाला दिला नाही. पालथ्या बादलीवर बसून, धापा टाकत लिहीत होती. दरवर्षी ती दोनच अक्षरं लिहायची, तेवढी तिला पुरायची. या वेळी पूर्ण शब्द, वीतभर मोठे. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाली, वन्सं, वसंतात हे त्यांना वाचायचंय, आणि ते चष्मा घरात विसरून येणार.

तिने ते शेडमध्ये जपून ठेवायला लिहिलेलं नाही रे. टायर चढव आणि ये. शंभर किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळ. केक सांगितलाय.

आउनेताई


पिएलावेसी, २७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. परतीच्या वाटेतही थांबून नट आवळले, गरज नव्हती तरी.

तुझ्या घरी सगळ्यांदेखत सांगता आलं नाही ते सांगतो. टायर चढवायला गेलो तेव्हा खरंच चष्मा घरात राहिला होता. तरी सगळं वाचता आलं. फाटकाशी उतरून पाहिलं तर निम्मं गेलं होतं, मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा काही नव्हतं. मी तिथेच रडलो. मग वाढदिवसाला उशीर नको म्हणून निघालो.

आज खिळ्यांचे टायर शेडमध्ये रचले. तिचा खडू ओव्हरऑलच्या खिशातच होता. मीही पूर्ण शब्द लिहिले, वीतभर मोठे. रेइयोने विचारलं की कुणासाठी एवढं. मी म्हटलं, ऑक्टोबरमध्ये इथे एक विसराळू म्हातारा येणार आहे.

नंतर चष्मा लावून पाहिलं. दोन टायरवर पुढचा डावा आहे. राहू दे. टायर चढले की तुला न्यायला येतो.

लोभ असाच असावा, आणि ऑक्टोबरपर्यंत पुरून उरावा.

तुझा,
एन्सिओ