प्रश्नांच्या आधी बंद

३ फेब्रुवारी

दोनशे चौदा कॅसेटी! पाच खोकी. ग्रंथालयाच्या शिपायाने दारातच टेकवली. "पुस्तकांपेक्षा जड आहेत हो बाई. आत काय भरलंय?"

भाषणं, म्हटलं.

ग्रंथालयाचं सभागृह पाडून नवं बांधणार आहेत. वीसच भाषणं संगणकावर घेता येतील, बाकीच्या कॅसेटी भंगारात. निवड मी करायची. अठरा वर्षं, दर महिन्याला, मागच्या खुर्चीत बसून ह्यांनीच ती रेकॉर्ड केली, आणि पुढच्या रांगेत बसून मी ऐकली. यादी वीस तारखेला द्यायची, प्रत्येकापुढे निवडीचं कारण लिहून.

हे जाऊन दोन वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत. आवाज कुठेच नाही. ग्रंथालयाच्या सेक्रेटरींना यातलं काही सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

आहे! आवाज आहे. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला — "एक, दोन, तीन. मागे ऐकू येतंय का?" मग वक्ता. मग अर्ध्या तासाने एक खोकला. तो खोकला म्हणजे बाजू उलटायची वेळ झाली. नेहमीच्या वक्त्यांना माहीत होतं. वाक्य संपवून थांबायचे, पाणी प्यायचे. नवीन वक्ता असेल तर हे दोनदा खोकायचे. एका कवीने भर सभेत विचारलं होतं, "औषध वगैरे घेता की नाही?"

शेवटी टाळ्या. लगेच खट्. प्रश्नोत्तरं कधीच घेतली नाहीत. म्हणायचे, "विचारणारे स्वतःचंच भाषण करतात. त्यांच्यावर फीत कशाला घालवायची?"

म्हणजे माझ्या वाट्याला आकडे आणि खोकला.

७ फेब्रुवारी

आज सात भाषणं. आठ खोकले. एकात दोन.

९ फेब्रुवारी

काय माणसं येऊन गेली त्या सभागृहात! एक नाटककार — त्याने नाटकातली फक्त खोडलेली पानं वाचून दाखवली. "छापलेली तुम्ही विकत घ्या," म्हणाला. एक इतिहासकार. दिवे गेले तरी बोलत राहिला. आम्ही अंधारात तासभर ऐकलं, आणि दिवे आल्यावर सगळ्यांनाच जरा वाईट वाटलं. एक समीक्षक. त्याचं संपलं हे टाळ्या पडल्यावर कळलं.

घरी येताना आम्ही दोघं चालत यायचो. यंत्र त्यांच्या खांद्याला, मोकळ्या कॅसेटी माझ्या पिशवीत. मी भाषणावर बोलायची. ते म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं? मी यंत्रावरची आवाजाची सुई बघत होतो." खोटं. सगळं कळायचं.

लेकीचा फोन. "आई, तू भाषणं ऐकत नाहीयेस. बाबांचा खोकला ऐकत बसलीयेस."

"मग?"

"मग काही नाही. जेवलीस का?"

१२ फेब्रुवारी

सेक्रेटरींचा फोन. "बाई, कुठवर आलं? वीस म्हणजे वीसच हं. एकवीस झाली की मला बैठक बोलवावी लागते, आणि बैठकीला कोणी येत नाही."

सतरा झाली. एका सुमार भाषणापुढे मी "विषय महत्त्वाचा" असं लिहिलंय. त्यात हे तीनदा खोकलेत.

१५ फेब्रुवारी

 लिहूनच ठेवते.

आज एका नावाजलेल्या कादंबरीकार बाईंची कॅसेट लावली. या भाषणाला मी नव्हते. धाकट्याला गोवर आला होता. तेव्हा मी गोष्टी लिहीत असे, तपासलेल्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. ह्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रात्री घरी आले, चपला काढता काढता म्हणाले, "बाईंना तुझ्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, घाई करू नका म्हणावं. मुरू द्या."

एवढ्या मोठ्या बाई आपल्याबद्दल काही म्हणाल्या! मी मुरू दिलं. कुठेही पाठवलं नाही. किती वर्षं, ते मोजत नाही.

तर — टाळ्या झाल्या आणि खट् झालंच नाही. फीत फिरत राहिली. खुर्ची सरकली. मग लांबून, जरा चिरका, ह्यांचा आवाज. प्रश्न विचारायला स्वतःच उठले आणि बटण दाबायचं राहिलं!

"माझी बायको गोष्टी लिहिते. कुणाला दाखवत नाही. चांगल्या असतात. घरात दोन लहान मुलं आहेत. तिला काय सांगू?"

पाच वाक्यं. पुरी पाच! "चांगल्या असतात." मला तोंडावर कधी म्हणाले नाहीत.

तिथेच बंद केलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. उत्तर माहीतच आहे.

१७ फेब्रुवारी

लेकीला फोनवर ती पाच वाक्यं ऐकवली. पुन्हा लाव म्हणाली. मग, "पुढे काय म्हणाल्या त्या?"

सांगितलं. मुरू द्या.

"त्यांच्या तोंडून ऐकव ना."

म्हटलं, वीस तारखेला सकाळी ये. दोघी मिळून ऐकू.

२० फेब्रुवारी

आली. ऐकलं. बाई म्हणाल्या, "त्यात सांगायचं काय? उद्याच्या उद्या पाठवायला सांगा. आणि मुलांना तुम्ही सांभाळा." सभागृह हसलं. हेही हसले. मग खट्.

लेक माझ्याकडे बघेना.

दुपारी जाऊन यादी दिली. ही कॅसेट पहिली लिहिली. कारणाच्या रकान्यात — उत्तर पूर्ण ऐकू येतं.