उलटं लावलेलं चित्र

४ एप्रिल १९६०
हवामानाचा उपग्रह टायरॉस वर गेला त्याला तीन दिवस झाले. पावणेदोन तासांच्या आत पृथ्वीला एक फेरी, आणि खाली ढगांची चित्रं! स्वतः भोवऱ्यासारखा फिरतो, त्यामुळे चित्रात उत्तर दिशा कुठे ते आम्हीच ठरवायचं. किनारा दिसला तर सोपं. नुसता समुद्र असला की अंदाजपंचे.

बाहेर कुणाला काही सांगायचं नाही, अशी साहेबांची ताकीद आहे.

११ एप्रिल
सकाळी गुनवाल्डदादाचा कचेरीत फोन. "सॉल्वेग, तुझा आकाशातला डबा काय म्हणतोय? मासा पूर्वेला आहे." बोट तयार होती. चित्रात नुसता समुद्र — एका अंगाला ढगांचा गोळा, दुसरं अंग स्वच्छ. म्हटलं, पूर्व मोकळी आहे, जा.

पुढच्या फेरीच्या चित्रात किनारा आला. आधीचं मी उलटं लावलं होतं. वादळ पूर्वेलाच होतं.

दादाची बोट सुटते त्या बार्नेगाटच्या धक्क्यावर फोन केला. कारण सांगितलं नाही. बोट तासाभरापूर्वीच गेली होती. रेडिओ लागेना.

१४ एप्रिल
दोन फळ्या सापडल्या. बोटीचं नाव असलेली एक.

काही वाटत नाही.

१ मे
दर रविवारी रग्नावहिनीकडे जाते. दादाच्या माघारी ती एकटीच. "खा गं, किती वाळलीस," असं तीच मला म्हणते. आज सांगायचंच, असं ठरवून जाते, आणि मुकाट्यानं जेवून परत येते.

२२ मे
आता प्रत्येक चित्र तीनदा तपासते. बैल गेला नि झोपा केला.

१७ जून
टायरॉस आंधळा झाला. चित्रं बंद. शेजारच्या टेबलावरचा वेंडेल म्हणाला, "अडीच महिने टिकला बिचारा." सगळे हळहळले. मी पेन्सिली गोळा केल्या.

१९ जून, रविवार
वहिनीला सांगितलं. सगळं.

ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली. "ठाऊक आहे. तो सांगून गेला होता — सॉल्वेग म्हणते, पूर्व मोकळी."

चौकशीला आलेल्यांना मात्र तिनं सांगितलं होतं, कुणाला न विचारता गेला म्हणून. मी विचारलं, का?

"त्याची बहीण ना तू. म्हटलं, निदान तुझी नोकरी तरी राहू दे." ताटली फडताळात ठेवली. "दहा रविवार वाट पाहिली, कधी तोंड उघडतेस म्हणून. आज उघडलंस. आता येऊ नकोस."