कठड्यावरचं पांढरं दुपटं

बुधवार, संध्याकाळ. ड्युटीवरून आल्या आल्या.

डोकं अजून तापलेलंच आहे. आयसीयूतले मुकुटबनचे आजोबा. दुपारी त्यांची नाडी एकशे तीसवर गेली, बीपी घसरलं. ताप नाही, काही नाही. मग कशानं? बाहेर येऊन पाहते तर त्यांची सून त्यांच्या अंगाखालचं दुपटं कठड्यावर वाळत घालत होती. पांढरं स्वच्छ.

"ताई, बाबांना संडास झाली का?"

"झाली ना सिस्टर, तीनदा. मी लगेच धुऊन टाकलं."

"रंग कसा होता?"

सासऱ्यांचं कसं सांगायचं म्हणून तिनं मान खाली घातली. "काळी होती. डांबरावानी."

डांबरासारखी म्हणजे पोटातून रक्त जातंय. सकाळपासून! गुडघेदुखीच्या गोळ्या वर्षभर खाल्लेल्या, त्यांनीच पोटात जखम झाली असणार. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "सांगितलं काहून नाही?" ती दुपट्याकडेच बघत राहिली.

डॉक्टरांना बोलावलं, रक्त चढवलं. निघेपर्यंत नाडी जरा उतरली होती. वाचतील बहुतेक. पण राग काही उतरेना. नातेवाइकांना साफसफाईला जुंपणाऱ्या दवाखान्याचा, त्या सुनेचा. आणि मी? सकाळपासून एकदा तरी चादर उचलून पाहिली का?

निघताना ती जवळ आली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"सिस्टर, काल तुमीच म्हनल्या होत्या ना, राउंडच्या आधी सगळं साफ पायजे, मले घाण दिसली नाही पायजे."

हो. म्हटलं होतं. असंच, सगळ्यांसमोर ओरडून.