उजव्या नटावरची लोकर

प्रिय बुटके,

मनगटाचा पट्टा निघाला असेल आणि चष्मा कुठे ठेवलास ते आठवत असेल, तर हे पत्र स्वतः वाच. सुनेकडून वाचून घेऊ नकोस, कारण यात संडासाचा विषय आहे. होय, लिहिला मी तो शब्द. आपल्या हॉस्टेलच्या मदर आता वर गेल्यात. तिथून काय पट्टी मारायची ती खुशाल मारू देत.

बातमी अशी, की आपल्या कमोडची सीट आता हलत नाही. हे आधी तुझ्या चिरंजीवांच्या कानावर घाल. जिच्यावरून घसरून तू पडलीस आणि जिचं निमित्त करून त्यांनी तुला उचलून नेलं, ती सीट मी घट्ट केली आहे. मी, स्वतः. आता तुला परत न पाठवायला त्यांच्याकडे दुसरं काही कारण असेल तर तेही कळवावं, त्याचीही दुरुस्ती करू. दवाखान्यात ते डॉक्टरांना काय म्हणाले ते तुला माहीत नाही, तू आत होतीस. म्हणाले, आई तिथे एकटीच असते हो, लक्ष द्यायला कोणी नाही. मी शेजारच्या बाकावर तुझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. एकटीच! मग मी कोण, कपाट? विमा कंपनीत जन्मभर लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली, उत्तर सुचायला मला क्षणही लागत नाही. पण आतून तुझं कण्हणं ऐकू येत होतं, म्हणून नुसती तुझ्या पर्सची चेन उघडत-मिटत राहिले.

तू गेल्यावर आधी प्लंबरला बोलावलं. आला, वाकला, कमोडमागे हात घालून लगेच बाहेर काढला आणि म्हणाला, मॅडम, इथे हात जायला जागाच नाही, अख्खा कमोड उचकटावा लागेल, फरशी फुटली तर माझी जबाबदारी नाही. मी म्हटलं, तुमची जबाबदारी कशाकशाची आहे तेवढं सांगा, बाकीचं मी बघते. तो हसला, चहा प्यायला आणि गेला. चहा मात्र छान होता म्हणाला. दोघींचाच करून ठेवला होता, हात काही सुधारत नाही माझा.

मग मीच गुडघे टेकले. यापूर्वी अशी गुडघ्यांवर बसले होते ती शाळेच्या चॅपलमध्ये, तेव्हा तू शेजारी बसून मला हसवत होतीस. सीटच्या मागे दोन प्लास्टिकची झाकणं असतात, ती नखाने उचकटली की खाली स्क्रूची डोकी दिसतात. स्क्रू कमोडच्या भोकांतून खाली उतरतात आणि खालून त्यांना दोन कानांचे प्लास्टिकचे नट बसतात. आपला कमोड दोन्ही बाजूंनी बंद, त्यामुळे नटापर्यंत पोचायचं तर कमोड आणि भिंत यांच्यामधल्या फटीतूनच. तिथे तुझा चिमुकला हात सहज गेला असता. माझा, तुला माहीतच आहे, फावड्यासारखा. शिवाय वरून स्क्रू फिरवला की खालचा नटही त्याच्याबरोबर गरगर फिरतो. एकीने वरून स्क्रूड्रायव्हर धरायचा आणि दुसरीने खालून नट आवळायचा, असं ते दोघींचं काम. मी डाव्या हाताने स्क्रूड्रायव्हर धरून, उजवा हात मागे घालून, गाल झाकणावर टेकून त्या कमोडला मिठी मारून बसले होते. या वयात मिठी मारायला मला हे मिळालं. हसू नकोस.

नट दिसेना, म्हणून तुझा दांड्याचा आरसा आणला. तू तो विसरून गेलीस, मी रोज पुसून जागेवर ठेवते. तो खाली धरला आणि काय दिसलं सांगू? उजव्या नटाच्या वर निळी लोकर. व्यवस्थित, घट्ट, एकेक वेढा शेजारी शेजारी. तुझ्या स्वेटरची लोकर! आणि डाव्या बाजूला सीटखाली माझे रबराचे तुकडे, सायकलच्या जुन्या ट्यूबचे, तुला कळू नये म्हणून तू भाजी आणायला गेलीस की सरकवलेले. मी डावीकडे रबर घालायचे, की उजवीकडे डुगडुगायला लागायची. मग तू तिकडे लोकर गुंडाळायचीस, की डावीकडे ढिली पडायची, की मी आणखी एक तुकडा घालायचे. अगं, दोघी मिळून ती सीट आपण हौसेने खिळखिळी केली! आणि एकीनेही दुसरीला म्हटलं नाही, की बाई, सीट हलते. कसं म्हणणार? आपल्याला तिकडे जायचं असलं तरी मदरना, हात धुऊन येऊ का, असं विचारावं लागायचं. परवा दुकानात बाप्यांच्या गर्दीत उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, कमोडच्या सीटचे वायसर द्या. छत कोसळलं नाही. दुकानदार म्हणाला, रबरी का प्लास्टिकचे? एवढंच होतं गं ते.

लोकर सोडवायला सगळी सकाळ गेली. कापली नाही, उलगडली. धुऊन वाळवून गुंडा करून ठेवली आहे. माझे रबराचे तुकडेही काढून टाकले आणि दोन्हीकडे नवे वायसर घातले. मग बागेच्या नळीचा हातभर तुकडा कापला, त्याच्या तोंडाला समोरासमोर दोन चिरा दिल्या आणि त्यात नटाचे कान बसवले. आता नळी पिळली की नट फिरतो, हात आत घालायला नको. दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आलटून पालटून आवळल्या. मग बसले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. दगडासारखी घट्ट. तुला हाक मारायला तोंड उघडलं होतं. तू न्हाणीघरात काहीबाही बेसूर गुणगुणायचीस आणि मी बाहेरून दार वाजवून बंद कर म्हणायचे. आता कोणाला बंद कर म्हणू? रेडिओ तुझ्या स्टेशनवरच आहे. मला ते स्टेशन आवडत नाही. लावते.

काल तुझ्या सुनेचा फोन आला. मावशी, आईंचं सामान कधी पाठवताय, हे टेम्पो बघताहेत. मी बघते म्हटलं. ती फोन ठेवेना. मग आवाज खाली आणून म्हणाली, एक सांगू? आईंना मी विचारलं, तुम्हाला परत जायचंय का. त्या म्हणाल्या, ती मला बोलावणार नाही आणि न बोलावता मी जाणार नाही, मागे गेले तीही आपणहूनच गेले होते. बुटके, तुझे यजमान गेल्यावर तू चार दिवसांसाठी म्हणून आलीस, तेव्हा मी राहा म्हटलं नाही हे खरं. किल्ली करून दिली, खिडकीजवळची खोली दिली, मला वाटलं त्यात म्हणून झालं. नव्हतं झालं तर आता ऐक. सामान मी बांधणार नाही. टेम्पो रिकामा जाईल. मी तुला बोलावते आहे. सीट घट्ट झाली म्हणून नाही, ती उद्या पुन्हा ढिली झाली तरी. तू नसलीस की मला करमत नाही, जेवण जात नाही, भांडायला कोणी नाही. ये. चार दिवसांसाठी नाही, राहायला ये.

तुझीच,
ढालगज