वंदनेच्या वेळी भिजलेलं ब्लाउज

क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर
९ मार्च २०२५

प्रिय संध्या,
सप्रेम जयभीम. इकडं बरं आहे, तुमच्याकडंही असावं.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. पंचेचाळिसाव्या वर्षी नणंदेला पत्र लिहायची वेळ यावी, कमाल आहे! फाडू नकोस, आधी वाच.

डिसेंबरात तुझ्या अभयदादाच्या दुसऱ्या पुण्यतिथीच्या पुण्यानुमोदनाला, करमाडला तुझ्याच घरी, बुद्धवंदना चालू असताना माझं ब्लाउज भिजलं. तू पाहिलंस. मला बाजूला घेऊन विचारलं असतंस तर? नाय. थेट स्वयंपाकघरात जाऊन चार बायांना सांगितलंस, "दूध हाय ते. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली, मग हे कुणाचं?" आणि इतकी वर्षं माझ्याजवळ राहिलेल्या सासूबाईंना, आपल्या आईंना, त्याच दिवशी तुझ्याकडं ठेवून घेतलंस.

ऐक आता. मला दिवस गेले नव्हते. पाळीही चुकली होती म्हणून तपासणीची पट्टी मीही आणली. घरात पुरुषाची सावली नाही आणि मी बाथरूममध्ये ती पट्टी धरून बसलेय! हसावं का रडावं?

लेडी डॉक्टरनं रक्त तपासलं. दूध आणणारं हार्मोन वाढलं होतं, प्रोलॅक्टिन म्हणतात त्याला. डोक्यात गाठ आहे का म्हणून एमआरआय केला. काही निघालं नाही. मग तिनं विचारलं, "गोळ्या कसल्या चालू आहेत?" मी म्हटलं, ॲसिडिटीच्या. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा खोटंच बोलले. तिसऱ्यांदा मात्र रडूच आलं.

तुलाही सांगते. तुझा दादा गेल्यावर मला सकाळी उठवत नव्हतं. दुकानात साडीची घडी घालता घालता डोळे वाहायचे, गिऱ्हाईक उठून जायचं. गेल्या पावसाळ्यापासून मी मनाच्या डॉक्टरकडं जाते, उदासीची गोळी घेते. 'अभयची बायको येडी झाली' म्हणाल म्हणून कुणाला सांगितलं नाही. त्या गोळीनंच हे दूध. येडी ठरायला नको म्हणून लपवलं, तर तुम्ही बदचलन ठरवलं!

कळल्यावर चिडून गोळीच बंद केली. चक्कर, घाम, आणि परत तेच, उठायलाच नको. मनाचे डॉक्टर ओरडले, "न विचारता थांबवायची नसते!" मग मीही ओरडले, "असं होतं हे आधी सांगायला काय झालं होतं?"  त्यांनी हळूहळू ती गोळी कमी करून दुसरी दिली. आता दूध थांबलंय, पाळी आलीय.

काल आई आल्या. तुला न सांगता, एकट्या, बसनं. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, उठून जातील. त्यांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाल्या, "इशाखा, पोरगा गेल्यापासून मला बी अन्न ग्वाड लागंना. ह्यो डाक्टर म्हातारीला बघंल का?"

दोन वर्षं एका घरात राहून मला हे दिसलं नाही. तुला तरी कुठं दिसलं?

बुधवारी त्यांचा नंबर लावलाय. आई आता इथंच राहतील. त्यांची लुगडी घेऊन ये, आणि बुधवारी आमच्याबरोबर चल. त्या चार बायांना खरं काय ते आधी तूच सांग. मी सांगणार नाही.

तू मान अगर नको मानू,
तुझी वहिनी
विशाखा